दुपारची झोप आणि वीस अँपिअर

कुणी एसी घेतला आणि काकांना बोलावलं, की ते आधी एसीकडे बघायचेही नाहीत. चपला न काढताच आत यायचे, खोलीच्या मधोमध उभे राहायचे आणि विचारायचे, "इथं झोपते कोन?"

घरातली माणसं गोंधळायची. कुणी म्हणायचं, आईबाबा. कुणी म्हणायचं, आम्ही सगळेच, एकच तर एसी आहे. मग दुसरा प्रश्न यायचा, "दिवसा झोपते का राती?" आणि तिसरा, "डोकं कोन्या भिंतीले करते?" एवढी उत्तरं मिळाल्यावर काका त्या भिंतीजवळ जाऊन तळहात उलटा करून भिंतीला लावायचे. डॉक्टर लेकराच्या कपाळाला लावतो तसा. आत वायर असलेल्या भिंतीला नेहमी उलटा हात लावावा, धक्का बसला तर हात आपोआप मागे येतो, हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. तेव्हा मात्र वाटायचं, हा माणूस भिंतीची विचारपूस करतोय.

रुआबांध्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. मी शाळेत गणित शिकवायची. नवरा जामुलच्या सिमेंट कारखान्यात होता, महिन्यातला अर्धा काळ नाइट शिफ्टला. काका भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतातून ऐन तारुण्यात भिलाईला आले होते आणि तिथल्या स्टील प्लांटात इलेक्ट्रिशियन म्हणून सारी नोकरी करून रिटायर झाले होते. उंच, जरासे वाकलेले, टेस्टर ठेवून ठेवून फाटलेला खिसा. पायात कायम रबरी चपला. मुलीच्या लग्नातही त्याच घातल्या, म्हणून काकू अजून कुरकुरायच्या.

"सासरच्या लोकाइनं पाह्यलं नं," काकू सांगायच्या, "नवरदेवाचे पाय धुतेवक्तीही रबराच्या चपला. मी म्हनलं काढा जी. तं म्हनते, मंडपाची वायरिंग कोनं केली मले मालूम नाही."

त्यांची भाषाही वेगळीच होती. लाइट गेली असं ते कधी म्हणाले नाहीत. "लाइट निजली," म्हणायचे. आणि ब्रेकर पडला म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. आमच्याकडे सगळे हिंदीतलं उचलून 'एमसीबी गिर गया' म्हणायचे. काका थांबवायचे. "पडला नाही, पोरी. पडते दारुडा. ब्रेकर थांब म्हनते."

एसीसाठी कुठला ब्रेकर घ्यावा याचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. दुकानात बी, सी आणि डी अशा तीन जातींचे ब्रेकर मिळतात. काकांच्या लेखी ती तीन माणसं होती.

"बी म्हंजे लग्नातला मानकरी," ते सांगायचे. "पानी जरा उशिरा भेटलं का उठून चालला. कंप्रेसर सुरू होतानी एक डाव जोरानं करंट ओढते. तेवढ्यातच हा रुसून उठते. डी म्हंजे जाड कातडीचा. घरात धूर झाला तरी आंगावरची गोधडी काढनार नाही. त्याले मोठ्या मशीनीपाशी राहू द्या. अन् सी म्हंजे घरचा मानूस. सुरुवातीची आदळआपट सोसते. पन कोनी अतीच केली तं मुकाट्यानं दार लावून घेते."

"आणि अँपिअर किती घ्यायचे?"

"ते एसीले नाही इचारायचं. वायरीले इचारायचं. लोक म्हनते एसीचा ब्रेकर. ब्रेकर एसीचा नसते, वायरीचा असते."

मला हे कळायला वेळ लागला. एवढ्या जाडीची तार एवढाच करंट सोसते. तिचा जीव जायच्या आत ब्रेकरने हार मानली पाहिजे. तार बारीक आणि ब्रेकर मोठा असला, तर ब्रेकर ऐटीत उभा राहतो आणि तार भिंतीच्या आत जळते. गणित सोपं आहे. पण काका ते गणितासारखं सांगत नसत, घरातल्या भानगडीसारखं सांगत.

उन्हाळ्यात सकाळी बासी, म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात, आणि कांदा खाऊन ते निघायचे ते दुपारीच. सगळं गाव दार लावून निजायचं तेव्हा काका छत्री घेऊन गल्ल्यांमधून हिंडायचे. भिलाईची मेची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून समजणार नाही. रस्ता पांढरा होतो. गुलमोहर पेटल्यासारखे उभे असतात आणि त्यांच्याखाली कुत्रीसुद्धा नसतात. ओल्या वाळ्याचा वास कुठल्यातरी खिडकीतून येऊन परत आत जातो. आणि सगळीकडे एक घूं ऐकू येते, कूलरची, पंख्यांची, एसीची मिळून. त्या आवाजाखाली नाइट करून आलेली माणसं झोपलेली असतात. घराघरांत, पडदे ओढून, भर उजेडात. दुपारी बारा वाजता अख्ख्या गल्लीला झोपेत बुडालेलं मी आणखी कुठल्याच गावात पाहिलं नाही.

एकदा शाळेतून लवकर सुटून येताना ते मला एका बंद फाटकासमोर उभे दिसले. डोळे मिटलेले, मान जरा तिरकी.

"काय ऐकताय काका?"

त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मीही ऐकलं. मला नुसती घूं ऐकू आली.

"कंप्रेसर कन्हून राहिला," ते हळूच म्हणाले. "व्होल्टेज कमी भेटून राहिलं त्याले. सांजच्याले येऊन पाहीन. आता नको, मानूस झोपला आहे."

लोक त्यांना थोडे सरकलेले समजायचे. पण एसी घेतला की बोलवायचे त्यांनाच.

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे एक गृहस्थ यायचे. खुर्सीपारहून, सायकलवर. प्लांटातले त्यांचे जोडीदार, छत्तीसगढी माणूस, काळे, ठेंगणे, फार हसरे. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली. ते डाव्या हाताने चहा प्यायचे, काकांच्या खोड्या काढायचे, तासाभराने निघून जायचे. ते असेपर्यंत काका जवळजवळ काही बोलत नसत. बिस्किटांची बशी तेवढी पुढे सरकवत राहायचे. मला वाटायचं, जुनी मैत्री अशीच असते.

आमचं बिनसलं ते आमच्या एसीवरून.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता. नवरा सकाळी सिमेंटची धूळ धुऊन आडवा व्हायचा आणि अकराला घामाने उठून बसायचा. कूलर नुसती वाफ फेकायचा. चार-पाच दिवस असे गेले की त्याचे डोळे लाल व्हायचे. एकदा मोटारसायकलवर डुलकी लागून तो नंदिनी रोडच्या कडेला उतरला. कुठे लागलं नाही, पण घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा मी त्याच दिवशी एसी शोधायला लागले. ओळखीतून एक दीड टनाचा वापरलेला एसी मिळाला. मी काकांना सांगितलं. ते वर आले, त्यांचे तीन प्रश्न विचारले, भिंतीला हात लावला, वायरीला चिमट्यासारखा धरायचा तो मीटर लावून बघितला आणि म्हणाले, "नौतपा येऊ दे."

नौतपा म्हणजे मेच्या शेवटचे ते सगळ्यात जहाल नऊ दिवस. त्याला अजून दोन आठवडे होते.

"कावून, काका?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"नौतप्यात दुपारी व्होल्टेज किती खाली जाते ते पाहाव लागन. जुना कंप्रेसर आहे. अन् ही भिंतीतली तार दीड एमएमची, पंख्या-लाइटीसाठी टाकलेली. खालच्या बोर्डापासून वेगळी चार एमएमची वायर आनाव लागन. तवा ब्रेकर सांगीन."

"मग वायर आजच टाका ना."

"पह्यले पाहू दे."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दोन वाजता वर येऊन व्होल्टेज बघायचे आणि वहीत लिहायचे. एसी खोक्यात. नवरा पलंगावर उघड्या डोळ्यांनी. सहाव्या दिवशी माझा संयम संपला. काका-काकू मुलीकडे राजनांदगावला गेले होते. मी बाजारातून एक मिस्त्री आणला. त्याने तासाभरात एसी टांगला, त्याच जुन्या पॉइंटला जोडला. एसी सुरू झाला आणि खट् करून बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा खट्. मिस्त्रीने बोर्ड उघडला, दहा अँपिअरचा जुना ब्रेकर काढला आणि पिशवीतून बत्तीसचा काढून लावला.

"अब कभी नहीं गिरेगा, मैडम."

मला माहीत होतं. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. मानकरी, घरचा माणूस, जाड कातडीचा, सगळं ऐकलेलं होतं. पण खोली दहा मिनिटांत गार झाली आणि नवरा दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत असा झोपला की मी दोनदा जवळ जाऊन त्याचा श्वास बघितला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं खूळ आहे सगळं.

दहाएक दिवस ते चाललं. मधेच काका परत आले तेव्हा मी बोर्डावर कॅलेंडर टांगलं. एसीचा आवाज त्यांनी ऐकला असणारच. पण ते वर आले नाहीत, रागावले, असं मी समजले. पुढे काकूंकडून कळलं, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही म्हणून ते त्या दिवसापासून खाली, आमची तार वर जाते त्या जिन्याच्या भिंतीशी खाट टाकून, तिला हात लावत बसत होते.

नौतप्याचा तिसरा दिवस. शाळेत निकालाचं काम होतं, मी दुपारी घरी आले. फाटकातूनच दिसलं, काका जिन्याने वर धावत होते. सत्तरीचा माणूस, अनवाणी. ते खाली मेन स्विच पाडून आले होते, सगळं घर गप्प होतं. वर जाऊन त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. नवऱ्याने आतून कडी लावलेली होती.

"उठ! अबे उठ!"

मीही बडवलं. आत काही हालचाल नाही. काकांनी खिडकीचं तावदान कोपराने फोडलं, हात घालून कडी काढली. खोलीत पांढुरका धूर कमरेच्या उंचीवर तरंगत होता, अगदी शांतपणे. पलंगाच्या डोक्याकडची भिंत वरपासून खालपर्यंत एका रेषेत तपकिरी झाली होती आणि पडद्याच्या कडेला लाल ठिणगी चालत होती. काकांनी पडदा ओढून खाली टाकला आणि अनवाणी पायांनीच तुडवला. मी नवऱ्याला ओढत गॅलरीत आणलं. तो खोकला, डोळे उघडले आणि म्हणाला, "लाइट गेली का?"

मी जिन्यावर बसून रडले. काकांच्या कोपरातून रक्त येत होतं, तळपाय भाजले होते. मी माफी मागत होते आणि ते ऐकतच नव्हते. बोर्डासमोर उभे राहून त्या बत्तीसच्या ब्रेकरकडे बघत होते. तो अजूनही वर होता, जसाच्या तसा.

संध्याकाळी काकूंनी त्यांच्या पायांना मलम लावलं. मी समोर बसले होते.

"शिव्या तरी द्या, काका," मी म्हटलं.

"नाही देत. मले कोनी देल्ल्या नाही."

मग त्यांनी सांगितलं. रविवारच्या त्या गृहस्थांचं. क्वार्टरांमध्ये एसी नुकते यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. जोडीदाराने एसी घेतला. सारखा ब्रेकर थांब म्हणायचा. नाइट करून आलेला माणूस, तीन दिवस झोप नाही. तो काकांना म्हणाला, भाई, काहीतरी कर. काकांच्या पिशवीत चाळीसचा ब्रेकर होता. दहा मिनिटांत लावून दिला. दुपारी गादी पेटली. त्याने ती हाताने विझवली.

"मिस्त्रीले मालूम नव्हतं, पोरी. तुले अर्धं मालूम होतं. मले सारं मालूम होतं. मालूम असून केलं. दोस्त झोपला पायजे म्हनून केलं. त्या हातानं क्रेन नाही चालवता आली त्याले मंग. हलक्या कामावर टाकलं. अन् दवाखान्यातून सुटला तं पह्यल्याच रविवारी माह्या घरी चहा प्याले आला. एक शब्द बोलला नाही. आजपावतर नाही. शिवी देल्ली असती तं मी झोपलो असतो."

काकू हळूच म्हणाल्या, "तवापासून दुपारी आंग टेकलं नाही यायनं."

पाय बरे झाल्यावर काकांनी खालच्या बोर्डापासून चार एमएमची नवी वायर वर आणली, मधे एकही जोड न देता. वहीतले आकडे मला मोठ्याने वाचायला लावले. त्यांच्या त्या आकड्यांत आमच्या गल्लीची सगळी दुपार होती. दोनला सगळ्यात कमी, चारनंतर हळूहळू वर. मग मलाच विचारलं, "सांग, कोनता?"

"सी," मी म्हटलं. "वीस."

"कावून वीस?"

"वायर त्याच्यापेक्षा जास्त सोसते. कंप्रेसरला त्याच्यापेक्षा कमी लागतो."

त्यांनी मान हलवली आणि ब्रेकर माझ्या हातात ठेवला. लावला मात्र त्यांनीच.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी त्यांच्यासोबत गेले. सुट्टीत, संध्याकाळी. आकडे लिहायचं काम माझं. तीन वर्षांनी आम्ही नागपूरला आलो. काका जाऊनही आता बरेच दिवस झाले. काकूंच्या फोनवर कळलं, ते सकाळी बासी खाऊन खुर्चीत बसले होते, तसेच गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला डोळ्यांपुढे येते ती एकच दुपार, आम्ही भिलाई सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यातली.

त्या रविवारी जोडीदार चहा पिऊन नेहमीसारखे उठले नाहीत. बशी बाजूला सारून म्हणाले, "बेटा ह एसी लाने हे. तैं लगाबे."

मुलाने एसी आणलाय, तू लाव. काकांचा चेहरा उतरला. "मी नाही," ते म्हणाले. "दुसरा मानूस देतो. चांगला देतो."

"तैं लगाबे त लगही," जोडीदार हसत म्हणाले. "नइ त डब्बा म रहन दे." तू लावलास तर लागेल, नाहीतर खोक्यातच राहू दे. आणि सायकल घेऊन निघून गेले.

काका दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. "तू जाय सोबत. नाही तं हे रस्त्यातूनच वापस येतीन."

आम्ही रिक्षाने खुर्सीपारला गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, आत नवा एसी. काकांनी यावेळी प्रश्न विचारले नाहीत. इथे कोण झोपतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पूर्ण सकाळ वायर टाकण्यात घालवली. एक-एक स्क्रू आवळून पुन्हा आवळला. ब्रेकर लावताना त्यांचा पेचकस पुन्हा पुन्हा घसरत होता. जोडीदार स्टुलाशेजारी उभे होते. त्यांनी वळलेल्या बोटांचा तो हात वर केला आणि ब्रेकर खालून धरून ठेवला, काकांचा स्क्रू बसेपर्यंत.

बटण दाबलं. कंप्रेसर एकदा गुरगुरला आणि लागला. ब्रेकर जागेवर राहिला.

जोडीदार पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे डोकं करून. आदल्या रात्री मुलाच्या दुकानावर जागरण झालं होतं म्हणाले. पाच मिनिटांत घोरायला लागले. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, थोडं थांबू. एक तास तरी पाहू.

मी बाहेरच्या खोलीत जोडीदाराच्या बायकोशी बोलत बसले. ती तांदूळ निवडत होती. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, कुठेतरी लांब प्लांटाचा भोंगा झाला. बोलता बोलता आमचाही आवाज कमी होत गेला. बऱ्याच वेळाने मला आठवलं की आतून काकांची चाहूल नाही. उठून पडदा बाजूला केला.

काका खुर्चीत नव्हते. पलंगाच्या दुसऱ्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, पाय चादरीबाहेर, तोंड जरासं उघडं, काका झोपले होते. जोडीदाराचा हात झोपेतच त्यांच्या पाठीवर पडला होता. गार हवेने दोघांचे पांढरे केस हलत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मागून म्हातारी आली, निवडायच्या तांदळाचं सूप तसंच हातात.

"झन उठा, बेटी," ती पुटपुटली. "सुतन दे दूनों ला." उठवू नको, झोपू दे दोघांना.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत आम्ही दोघी बाहेर बसून राहिलो.